न दिसण्यासाठी केलेला रंग

हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली फुटपाथवर कोहळ्यांचे ढीग लागले की दसरा आला हे मला कॅलेंडर न बघताच कळतं. अंगावर पांढरी भुकटी माखलेले थोराड कोहळे एकावर एक रचलेले असतात. शेजारी केळीचे खुंट, शेवंतीच्या माळांची वेटोळी, चुरमुऱ्यांची पोती, आणि या सगळ्यातून वाट काढत बसकडे धावणारी माणसं. काल कॉलेजातून परतताना मी तिथे उभी राहिले. "बेका, अक्का?" विकणाऱ्या बाईने विचारलं. मी नको म्हटलं, पण पाय हलेना. एका कोहळ्यावरून बोट फिरवलं. भुकटी निघाली आणि खालची हिरवी साल वर आली. मनात लगेच आलं, हा नाही. हा जरा निळ्याकडे झुकतो.

रंगाला असं तोंडावर 'हा नाही' म्हणायची सवय मला एका दसऱ्याने लावली. गणपती गेल्यापासून खंडेनवमीपर्यंतचे ते दिवस. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आता एम.ए. करते. त्या दिवसांबद्दल लिहायला बसले की अजूनही कुठून सुरुवात करावी हे समजत नाही, कारण ते एका ओळीत उभेच राहत नाहीत. आधी प्रायमरचा वास येतो, मग पपनसाच्या झाडाखालची ओल, मग अगदी डोक्यावरून गेल्यासारखं विमान, आणि मध्येच कुठला तरी हिरवा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गाड्यांना रंग देतात. होसकोटेला हमरस्त्यापासून आत त्यांची पत्र्याची शेड आहे. चेपलेली, खरचटलेली गाडी आत येते आणि काही दिवसांनी आरशासारखी होऊन बाहेर पडते. आमची मंडळी बेंगळुरात कधी आली हे आमच्यातल्याच कुणाला नीट ठाऊक नाही. घरात मराठीच बोलतो, पण 'थोडं' कुणी म्हणत नाही, 'स्वल्प' म्हणतात, आणि बोलणं संपलं की 'सरी', म्हणजे ठीक. या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेजात नेमकं काय शिकवतात हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे मी इतिहास घेतला तेव्हा कुणी हरकतही घेतली नाही. "इतिहास तर इतिहास," आई म्हणाली. "बस वेळेवर मिळते ना?"

ज्यांच्या गाडीसाठी ते दिवस गेले त्या मीनाक्का मूळ नागपूरच्या. संगणकाच्या नोकरीसाठी इकडे आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. देवनहळ्ळीच्या बाजूला सगळे द्राक्षाचे मळे होते तेव्हा त्यांनी तिथे जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. आता मळे गेले, घरांचे प्लॉट पाडून लेआउट झाले. रिकामे सरळ रस्ते, दगडी खुणा, एखादं अर्धवट कमान असलेलं प्रवेशद्वार, आणि या सगळ्याच्या मधोमध मीनाक्कांचा तुकडा तेवढा जुन्यासारखा राहिलेला. कुंपण, पपनसाची झाडं, लहानसं घर, आणि घराहून मोठी शेड. शेडमध्ये फौजेतल्या जुन्या गाड्या. एक जीप, एक साइडकारवाली मोटरसायकल, पाण्याची टाकी बसवलेला छोटा ट्रेलर. सगळ्या लिलावात निघालेल्या, भंगारात जाता जाता वाचलेल्या. तुमच्या वयाच्या बायका गुलाब लावतात, असं त्यांना कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. "गुलाबाला रोज पाणी लागतं," त्यांनी उत्तर दिलं होतं. "यांचं तसं नाही."

अप्पांना त्यांनी बोलावलं ते चौथ्या गाडीसाठी. तो एक लहान फौजी ट्रक होता, ज्याला वनटन म्हणतात तसा. पुढचे दोन दिवे गेलेले, पत्र्याला भोकं, मागच्या फळ्या वाळवीने खाल्लेल्या. पण नाक असं उंच की भंगारातही तो कुणाचं ऐकून घेणार नाही असं वाटावं.

"काय पाहून राहिले शंकरभाऊ? होते का हिचं काही?" मीनाक्कांनी विचारलं. ट्रकला त्या 'ती' म्हणत.

अप्पांनी गाडीभोवती फेरी मारली, एका ठिकाणी नखाने गंज खरवडला, वाकून खालून बघितलं. "होतंय अक्का. स्वल्प टाइम लागतो."

"स्वल्प? तुम्ही घरी संस्कृतात बोलता का हो?"

"आमचं मराठीच आहे ते."

"अन् मग माझं काय आहे?"

"तुमचं नागपूरचं," अप्पा म्हणाले. "तेही चालतंय."

मीनाक्का इतक्या हसल्या की शेडच्या पत्र्यावरचं कबूतर उडालं. काम अप्पांना मिळालं ते त्या हसण्यात, असं मला अजून वाटतं.

सुट्टीच्या दिवशी मी अप्पांबरोबर देवनहळ्ळीला जात असे. डबा आणि वह्या घेऊन. वह्या बहुतेक मिटलेल्याच राहत. सकाळी तिथे धुकं असायचं, धुक्यात ट्रक अर्धाच दिसायचा, आणि अप्पांच्या हातोडीचा आवाज कुठून येतोय ते कळायचं नाही. पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हलके हलके ठोकायचं. चेपलेला भाग जागेवर आला की आवाज बदलतो. आधी दबका असतो, मग एकदम मोकळा होतो. मी पुस्तकातून मान वर न काढता ओळखायला लागले होते की आता एक खळगा भरला. विमानतळ जवळच, त्यामुळे विमानं येत-जात राहायची. त्यांची सावली आधी येई, लेआउटच्या रिकाम्या रस्त्यांवरून पळत, आमच्या पपनसांवरून, ट्रकच्या नाकावरून, आणि मग आवाज.

गंज काढला, भोकांना पत्रा जोडला, नव्या फळ्या आल्या, ताडपत्रीचं छत शिवून आलं. फौजी गाडीच्या नंबराच्या आधी वर तोंड केलेला बाण असतो तोही आखून ठेवला. राहिला रंग. आणि खरं सांगायचं तर ते सगळे दिवस रंगाचेच होते, बाकीचं फक्त त्याच्या आधी घडून गेलं.

अप्पांना वाटलं होतं, फौजेचा हिरवा म्हणजे एकच. डबा आणायचा, मारायचा. सीटखालच्या एका पट्टीमागे त्यांना मूळ रंगाचा वीतभर तुकडाही सापडला होता. ते खूश होऊन मीनाक्कांना घेऊन आले. त्यांनी मान वाकडी करून बराच वेळ बघितलं. "हा सावलीत राहिलेला," त्या म्हणाल्या. "मला ऊन खाल्लेला पाहिजे. पाऊस खाल्लेला. धूळ बसून धुतलेला."

"म्हणजे नवा मारायचा, पण जुना झालेला."

"हां. बरोब्बर."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं.

मीनाक्का मान वाकडी करून बघत त्याचं कारण आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग विझत चालला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. सरळ बघितलं की नेमक्या त्याच जागी मळकट बोट फिरवल्यासारखा डाग येई. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देत, त्याने वेग कमी व्हायचा, थांबायचं नाही. म्हणून काही बघायचं असलं की त्या तोंड दुसरीकडे करत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. "कोंबडी दाणा बघते तसं," त्याच म्हणायच्या. मला एकदा समोर बसवून म्हणाल्या, "रेणू, तुझे कान चांगले आहेत. नाक-डोळ्यांचं मला माहीत नाही, सध्या कानांवरूनच तुला ओळखून राहिले."

मला हसावं की नाही कळेना. मी कानांमागे केस सारले, त्यांना नीट दिसावेत म्हणून.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. हा ट्रक पुरा झालेला, त्या विशिष्ट रंगात, एकदा डोळ्यांनी दिसला पाहिजे. दसऱ्यानंतरच्या रविवारी शहरातल्या एका मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथे गाडी न्यायची होती. पण प्रदर्शन लोकांसाठी. त्यांचं स्वतःचं काम त्याआधीच, शेडच्या दारात, सकाळच्या उन्हात व्हायचं होतं. त्याला उशीर चालणार नव्हता, कारण महिन्याभरापूर्वी त्यांना वाचता येत असलेली बसची पाटी आता वाचता येत नव्हती.

मग अप्पांनी पत्र्याचे हातभर तुकडे कापले. त्यांवर वेगवेगळे हिरवे मारले आणि पपनसाच्या झाडाखाली तारेला धुणं वाळत घालावं तसे टांगले. हिरव्यात काळा, त्यात पिवळी माती, कधी चिमूटभर पांढरा. "हिरवा फार ओरडतो," अप्पा म्हणत. "त्याला गप्प करायला स्वल्प लाल टाकायचा." ओला असताना रंग वेगळा दिसे, वाळला की वेगळा. वाऱ्याने पत्रे एकमेकांवर आपटून मंद वाजत. सकाळचे हिरवे दुपारी तेच राहत नसत. मीनाक्का तारेच्या बाजूने चालत जायच्या, तोंड रस्त्याकडे आणि डोळ्याची कड पत्र्यांकडे, आणि म्हणायच्या, "नाही. नाही. हा तर शाळेच्या फळ्याचा. नाही."

कधी त्यांना कोपऱ्यातूनही पुरेसं दिसत नसे. तेव्हा त्या मला विचारत, "सांग, कसा आहे?"

"हिरवा," मी म्हणायची.

"ते मला माहीत आहे न. कसा हिरवा?"

माझ्याकडे तेवढाच एक शब्द होता. फार तर पोपटी, शेवाळी. मग हळूहळू मी आजूबाजूला बघायला लागले. हा रात्रभर भिजवलेल्या मुगाच्या सालीचा. हा डब्यात खूप दिवस राहिलेल्या तमालपत्राचा. हा चिंचेच्या चटणीत पडलेल्या कोथिंबिरीचा. एकदा मी भीत भीत म्हटलं, "हा आजारी पालकाचा," आणि मीनाक्का म्हणाल्या, "आत्ता कुठे मला दिसला." कॉलेजात मी वर्गात तोंड उघडत नसे. आपलं बोलणं कुणाच्या उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या झाडाखाली मात्र कुणीतरी माझ्या शब्दांतून बघत होतं, आणि चुकीचा शब्द पडला तर त्यांना चुकीचा रंग दिसणार होता.

कामठीच्या गोष्टी मला त्या पपनसाच्या फोडी सोलताना कळल्या. मीनाक्कांचे वडील फौजेत ड्रायव्हर होते. लहानपणी त्या कामठीला छावणीजवळच्या क्वार्टरात राहायच्या. संध्याकाळी बाबांचा ट्रक झाडांमधल्या रस्त्याने यायचा आणि सगळी पोरं फाटकावर उभी राहून तो आधी कुणाला दिसतो याची पैज लावायची. तो दिसणं सोपं नसे. झाडांत झाड, धुळीत धूळ. "तो रंग कुणाला दिसू नये म्हणूनच केलेला असतो," मीनाक्का म्हणाल्या, "अन् मी माझं सगळं लहानपण तोच शोधण्यात घालवलं." ज्याला आधी दिसे तो ओरडायचा, आली. बहुतेक वेळा त्याच ओरडायच्या. बाबा त्यांना उचलून मागच्या फळीवर बसवायचे आणि फाटकापासून क्वार्टरापर्यंत न्यायचे.

"मग?" मी विचारलं. मला वाटलं, आता काहीतरी वाईट ऐकायला मिळणार.

"मग काय. बाबांना भांडारात काम मिळालं. सायकलवर यायला लागले, डबा हँडलला लावून." त्यांनी फोडीवरचा पांढरा पापुद्रा काढला. "मी ट्रकसाठी किती रडले. बाबा समोर उभे, धडधाकट, अन् मी म्हणून राहिले, ट्रक कुठे आहे. नंतर ते पुष्कळ वर्षं जगले. कधी बोलले नाहीत, पण मला वाटतं त्यांना ते लागलं."

एक विमान गेलं. त्याचा आवाज ओसरेपर्यंत त्यांनी आणखी एक फोड सोलली.

आता मीनाक्कांचा फोन येतो तो बहुतेक दुपारी. मी बसमध्ये असते. "बाहेर काय आहे?" त्या विचारतात. मी खिडकीतून बघत सांगत जाते. भेंडीच्या गाडीवरचा हिरवा, तलावावरच्या जलपर्णीचा, बांधकामाला लावलेल्या जाळीचा. शेजारच्या बायका माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. काही हिरवे मी त्यांना दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा मला नीट जमलेलं नसतं.

तो रंग सापडला तेव्हा कुणी शोधत नव्हतं. अप्पा डबा खात होते. रात्री पाऊस पडून गेलेला, ऊन नुकतंच आलेलं, पपनसाच्या पानांवरून थेंब गळत होते. मीनाक्का घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आमच्याकडे येत होत्या. तारेकडे त्यांचं लक्षही नव्हतं. चालता चालता त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आली."

अप्पांनी आणि मी रस्त्याकडे बघितलं. कुणीच आलेलं नव्हतं. मग लक्षात आलं. तारेवर शेवटून दुसरा पत्रा, वाऱ्याने अर्धा वळलेला. मी उठून जवळ गेले. तो कशासारखा होता ते मला आजही सांगता येत नाही. त्या एका रंगाला मला शब्द मिळाला नाही, आणि तेव्हा त्यांनी विचारलाही नाही.

अप्पांनी तो रंग अंदाजानेच कालवला होता. तसाच पुन्हा जमेल याची खात्री नव्हती, म्हणून त्या पत्र्याशी ताडून ताडून त्यांनी सगळ्या गाडीपुरता एकदाच मोठ्या पिंपात बनवला. हवा कोरडी होईपर्यंत थांबावं लागलं. दमट हवेत रंग पांढुरका पडतो. नवरात्र बसलं तेव्हा पहिला हात मारला गेला. हा रंग चकचकीत नव्हता, कोरडा होता, मॅट. अप्पांनी आयुष्यभर चकाकी केलेली, त्यामुळे त्यांना तो लहान बाळासारखा वाटत असावा. वायरिंगवाल्याने तेलकट हाताने दार धरलं तर त्याला असं झापलं की बिचारा साबण शोधत बसला. "मॅट रंग तेल पितो," अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "एकदा प्यायला की सोडत नाही."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी तयार झाली. शेडचं दार पूर्ण उघडलं. मीनाक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, ट्रकच्या अगदी समोर, ताठ. "झकास, शंकरभाऊ," त्या म्हणाल्या. "अगदी तीच."

अप्पांचा चेहरा उजळला. मला मात्र कसंतरी झालं. त्या सरळ बघत होत्या. इतक्या दिवसांत त्यांनी काही बघायचं असताना कधीच सरळ बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. आमच्या हातून काम झालेली गाडी पूजेशिवाय बाहेर पडत नाही, मग ती कुणाची का असेना. आई होसकोट्याहून सगळं सामान पिशवीत भरून आली. ट्रकच्या नाकाला केळीचे खुंट बांधले, शेवंतीची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. दृष्ट काढून फोडायच्या कोहळ्याला अप्पांनी भोक पाडून आत कुंकू भरलं. आईने घरच्यासारखंच तेलात कुंकू कालवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि बॉनेटवर मधोमध तळहाताएवढा ठसठशीत टिळा लावला. बाजूला हळदीची बोटं. मी चुरमुरे वाटत होते. अप्पा तिथेच होते, हात जोडून. पूजेचं तेल हेही तेलच असतं हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी ओलं फडकं घेतलं. हळद गेली. कुंकू गेलं नाही. त्यांनी साबण लावला, मग थांबले, कारण आजूबाजूचा रंग निघेल अशी भीती वाटली. बॉनेटवर गडद लाल डाग पसरून बसला होता, कडेने तेलाची सावली. अप्पा फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले. पिंप रिकामं होतं. नवा रंग कालवता आला असता, एका दिवसात बॉनेट पुन्हा मारताही आलं असतं. पण हा तोच आहे की नाही हे कुणाला विचारणार? ज्यांना तो माहीत होता त्यांचे डोळे या पंधरवड्यात आणखी गेले होते. तारेवरचा तो पत्रा तरी होता, पण पावसात राहून त्याचा रंग उतरला होता.

"इतक्या नाजूक रंगाची फौज असते म्हणून मला काय ठाऊक," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत घराच्या मागे गेली.

मीनाक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दारापासून काही पावलं चालून त्या थांबल्या. "ते लाल काय आहे?"

"माफ करा अक्का," अप्पा म्हणाले. "बॉनेट मी परत मारून देतो. चुकलं आमचं. कुंकू..."

"थांबा."

त्यांनी मान वळवली. तोंड लेआउटच्या रस्त्याकडे, डोळ्याची कड ट्रककडे. दोन पावलं मागे गेल्या, एक पाऊल बाजूला. पुन्हा मागे. पत्र्याच्या शेडमध्ये ऊन आत आलं होतं आणि ट्रकच्या उंच नाकावर पडलं होतं.

"आता दिसला," त्या म्हणाल्या.

"डाग?"

"हिरवा."

अप्पांना काही कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. मीनाक्का तशाच वाकड्या मानेने उभ्या होत्या. "परवा मी खोटं बोलले, शंकरभाऊ. मला नुसती एक काळी म्हैस उभी दिसली. तुम्ही एवढे राबले, तोंडावर कसं सांगू. सगळीकडे एकच रंग असला न, की तो मला कळतच नाही आता. सगळं एकसारखं होऊन जातं." त्यांनी हात पुढे करून हवेतच त्या डागाभोवती बोट फिरवलं. "हा लाल इथे आहे, म्हणून त्याच्या बाजूचा हिरवा सुटून दिसतो. इथपासून निघतो, अन् असा दारापर्यंत जातो. तोच आहे हो. अगदी तोच."

अप्पांनी हातातलं फडकं नीट घडी घालून खिशात ठेवलं. ओलं होतं, खिसा भिजला. थोड्या वेळाने मीनाक्का घरामागे गेल्या आणि आईला दंडाला धरून घेऊन आल्या. "वहिनी, दुसरीकडे अजून एक लावता का? मागच्या फळीवर?"

"नको अक्का," आई घाबरून म्हणाली. "सरी, झालं तेवढं पुष्कळ झालं."

हा रंग लावलेली गाडी साध्या माणसाला रस्त्यावर चालवता येत नाही, तो फक्त फौजेचा. म्हणून रविवारी आमचा ट्रक दुसऱ्या लॉरीच्या पाठीवर बसून, ताडपत्री पांघरून शहरात गेला. हेब्बाळच्या पुलावरून जाताना ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि फडफडत राहिलं. मैदानाच्या कडेने जुने वर्षावृक्ष होते. चकचकीत मोटारींच्या रांगा, आणि एका टोकाला फौजी गाड्या, मॅट, शांत. टोपी घातलेले एक गृहस्थ गाड्या तपासत फिरत होते. बॉनेटपाशी थांबले.

"मॅडम, एवढं सुंदर रिस्टोरेशन, आणि हा डाग ठेवलात? हे काही ओरिजिनल नाही."

"खंडेनवमीला फौजेत गाड्यांची पूजा होते, माहीत आहे न तुम्हाला?" मीनाक्का म्हणाल्या.

ते गृहस्थ विचारात पडले, मान डोलावली आणि पुढच्या जीपकडे गेले. मी हळूच विचारलं, "खरंच असं बॉनेटवर कुंकू लावायचे?"

"मला काय ठाऊक. पूजा व्हायची. माझं सगळं लक्ष पेढ्यांकडे असायचं."

मग त्या चालत लांब गेल्या, झाडांच्या सावलीत. जितक्या लांब फाटक असावं, तितक्या लांब, असं मला वाटलं, पण मी कामठी कधी पाहिलेली नाही. ट्रककडे पाठ नाही आणि तोंडही नाही, अशा तिरप्या उभ्या राहिल्या. आमच्याभोवती गर्दी झाली होती. अप्पा कुणाला तरी मॅट रंगाबद्दल सांगत होते, आई केळी सोलून खात होती. ट्रकवर झाडांची सावली पडली होती, पानांची हलती सावली, आणि त्या हलत्या हिरव्यात तो ट्रक मलाही मधूनमधून दिसेनासा होत होता.

एक तरुण माझ्याजवळ आला. बोलण्यावरून पुण्याचा, हातात फोन. "ही कोणाची गाडी आहे? ओनरसोबत एक फोटो घ्यायचाय."

मी झाडांकडे बोट दाखवलं. "त्या तिकडे उभ्या आहेत."

त्याने बघितलं. "पण त्यांचं तर इकडे लक्षच नाहीये. त्या रस्त्याकडे बघतायत. बोलावू का?"

"नको," मी म्हटलं. अनोळखी माणसाला एवढ्या ठामपणे मी आधी कधी काही म्हटलं नसेल. "त्या गाडीच बघतायत. त्यांचं होईपर्यंत थांबा."